चित्रातला डावरा

शिरूर, ता. १२ जानेवारी १९५९

दबोरास,

प्रभूच्या नावाने सलाम.

तुझे पार्सल शनिवारच्या एस.टी.ने पोचले. कंडक्टर सोपानराव स्वतः माझ्या कामाच्या शेडमध्ये आणून देऊन गेला. गोणपाट सोडले, पुठ्ठे उलटून पाहिले, पण आत पत्र नव्हते. सुतळीला एवढेच बांधले होते: ‘येशुदास मिस्त्री, मिशन कंपाउंड, शिरूर. चौकटींसाठी.’ बापाला मिस्त्री लिहिलेस. चालेल. मिस्त्री तर मी आहेच.

दौंडच्या पाळकसाहेबांनी मला आधी कळवले होते, की यंदा कापणीच्या सणाला तुझी चित्रे देवळात मांडायची आणि उपासना झाल्यावर भाजीपाला, कोंबड्या, गूळ यांच्याबरोबर त्यांचाही लिलाव करायचा. चौकटी माझ्याकडून अर्पण समजायच्या. देवाच्या कामाला मी नाही म्हणत नाही, म्हणून हे घेतले. तू पाठवलेस म्हणून नव्हे.

मला वाटले होते, कापणीचा सण आहे तर तू रूथ काढशील, बवाजाच्या शेतात सरवा वेचणारी. तू वीटभट्टी काढलीस. भीमेच्या काठची, परमुलखातून आलेल्या लोकांची. चिखल, राख, पाचटाच्या कोप्या, डोक्यावर विटा घेतलेल्या बाया. देवळात हे कोण बोली लावून घेईल, मला ठाऊक नाही. लाल रंग मात्र ओळखला. विटेची भुकटी सरसात कालवली आहेस. सरस पातळ कसा करायचा ते माझ्याच शेडमध्ये शिकलीस, तेवढे तरी विसरली नाहीस.

आता विचारायचे ते विचारतो. तिन्ही चित्रांत एकच पुरुष आहे. उंच, एका खांद्याने जरा खाली, डोक्याला फडके, भुवई मधोमध तुटलेली. डावखुरा. एका ठिकाणी चिखल तुडवतो, एका ठिकाणी साचा उचलतो, आणि तिसऱ्यात कोपीच्या दारात भाकरी खातो. भट्टीवर एवढी माणसे असताना तुझ्या नजरेला हाच का सापडावा? आणि भाकरी खाणारा माणूस काढायचा तर त्याच्यासमोर बसावे लागते. तू बसलीस. किती वेळ बसलीस?

नगरच्या विल्यमशी ठरत आलेले बोलणे मोडून तू दौंडला शिक्षिका होऊन गेलीस, त्याला दोन वर्षे होतील. मी कारण विचारले, तू म्हणालीस, कारण काही नाही. ज्याला कारण नाही असे काही मी तरी अजून पाहिलेले नाही.

तुझी आई हात पुसत आली, भाकरीच्या चित्रापुढे उभी राहिली आणि म्हणाली, “अगं बाई, पापुद्रा कसा खरा आलाय!” तिला तेवढेच दिसले.

चौकटी जुन्या बाकांच्या सागवानातून करीन. त्या माणसाचे नाव कळव.

तुझा पिता,
येशुदास


शिरूर, ता. २६ जानेवारी १९५९

दबोरास,

सलाम.

उत्तर आले नाही. आणखी दोन चित्रे मात्र आली, आणि त्यांतही तोच. आता तो पेटलेल्या भट्टीच्या माथ्यावर उभा आहे, हातात राखेची पाटी. दुसऱ्यात नुसता चेहरा, पुठ्ठाभर. तरण्या मुलीने परक्या पुरुषाचा चेहरा पुठ्ठाभर काढावा याचा अर्थ बापाने काय लावायचा ते तूच सांग.

सोपानराव बोलून गेला. तसा तो वाईट माणूस नाही, पण कंडक्टर. त्याच्या पिशवीत तिकिटांबरोबर बातम्याही असतात. म्हणाला, “मिस्त्री, राग मानू नगा. तुमची लेक शाळा सुटली का भट्टीवर जाऊन बसती. त्या लोकांत भाकरी खाती. लोक बघत्यात म्हणून आपलं कानावर घातलं.” मी म्हटले, “लोकांना बघायला दुसरे काही नाही का?” पण तो गेल्यावर माझा रंधा नीट चालेना.

म्हणून मी गुरुवारी दौंडला येऊन गेलो. तुला कळवले नाही. देवळाची भिंत मापायची होती हे खरे, पण फक्त त्यासाठी आलो नव्हतो. तुझ्या शाळेवरून गेलो. तू फळ्याकडे तोंड करून काही लिहीत होतीस. मी थांबलो नाही.

चेहऱ्याचे चित्र फडक्यात गुंडाळून बरोबर नेले होते. भट्टीवर गेलो. तिथला मुकादम विडी ओढत होता. त्याला चित्र दाखवले, विचारले, हा कोण? त्याने चित्राकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग रस्त्याकडे. म्हणाला, “असा कुनी मानूस हितं न्हवताच.” पुढे एक म्हातारा विटा रचत होता. त्याला विचारले. “असा कुनी मानूस हितं न्हवताच.” अनसाबाई म्हणून एक बाई पाणी नेत होती, तिचेही तेच. मग चित्रांत जिची पाठ दिसते ती बाई सापडली. नकुशी म्हणतात तिला. कपाळाला ठसठशीत कुंकू, वय तुझ्याएवढेच असेल. मुकादम मागून ओरडला, “तिला काय इचारता? तिचा नवरा गावाकडं हाय, दुखन्यात.” तरी मी चित्र तिच्यापुढे धरले आणि म्हटले, “बाई, हा कोण? याचे नाव काय?” तिने चित्राकडे असे पाहिले, की मला वाटले आता सांगते. पण पदर ओढला, तोंड फिरवले आणि चिखलात बसली ती उठलीच नाही. मी पुन्हा विचारले. नाही म्हणून मान हलली.

मी काय समजायचे? भट्टीवर असा माणूस नाही, कधी नव्हता. मग तुझ्यासमोर भाकरी खायला कोण बसला होता? कुठला तरी दुसराच आहे, आणि त्याला भट्टीच्या चिखलात उभा करून तू देवळात आणते आहेस, असे मला वाटते. त्या बाईने तोंड फिरवले ते तुझ्यासाठी लाज वाटून. परक्या बाईला लाज वाटली, दबोरा.

एक बारीक गोष्ट, मनातून जात नाही म्हणून लिहितो. नकुशीच्या हातातल्या साच्याच्या मुठीला अंगठ्याचा खळगा पडलेला आहे, वर्षानुवर्षे धरून पडतो तसा. माझ्या रंध्यालाही आहे. पण तो खळगा डाव्या अंगठ्याचा आहे. बाई उजव्या हाताने काम करते. तिचा अंगठा त्या खळग्यात बसत नाही, सारखा निसटतो.

चौकटी अर्ध्या झाल्या आहेत.

येशुदास


शिरूर, ता. ६ फेब्रुवारी १९५९

दबोरास,

प्रभूची कृपा तुझ्यावर असो.

तुझे कार्ड आले. दोन ओळी. ‘बाबा, तुम्ही चित्र भट्टीवर न्यायला नको होते. चौकटी घट्ट करा.’ ओळी वाचून राग आला. तो राग परवापर्यंत टिकला. परवा काय झाले ते सगळे लिहितो.

दुपारी शेडपुढे जीप थांबली. धोतर, कोट, हातात घड्याळ. भट्टीचे मालक बाळासो. मी त्यांना आधी कधी पाहिले नव्हते, पण त्यांनी पाहिल्यासारखे बोलायला सुरुवात केली. “येशुदास मिस्त्री न्हवं का? वा वा. हात काय तुमचा! दौंडच्या देवळाच्या विटा आमच्याच, म्हाईत हाय ना?” बाकावर बसले, सागवानावरून हात फिरवला. तुझी आई चहा घेऊन आली तर उठून नमस्कार केला. माणूस एवढा गोड झाला की मी आधी माझ्या हत्यारांकडे पाहतो.

मग म्हणाले, “चित्रं समदी मी घेनार हाय. लिलावात बोली माझीच. देवाचं काम हाय. फकस्त एक करा. त्यो डावरा हाय ना, तुमी भट्टीवर दाखवायला आनला व्हता, त्याची दोन चित्रं वायली ठेवा. एक चेहऱ्याचं, आन् एक भट्टीच्या माथ्यावरचं, त्यो कंडक्टर सांगत व्हता ते.”

मी विचारले, का?

“आवो, असा कुनी मानूस हितं न्हवताच. उगं लोकांत गैरसमज.”

दबोरा, मी गावच्या शाळेत पाचवीपर्यंत शिकलो, पण पाठांतर कशाला म्हणतात ते मला कळते. मुकादम, म्हातारा, अनसाबाई आणि आता मालक. चौघांचे एकच वाक्य, एकही अक्षर इकडेतिकडे नाही. खरे सांगणारी माणसे एवढी सारखी बोलत नाहीत. आणि जो माणूस नव्हताच, त्याला हे ‘डावरा’ म्हणाले. चेहऱ्याच्या चित्रात हात कुठे आहेत?

मी रंधा हातात घेतला तसे ते पुढे सरकले. “तुमची लेक एकलीच ऱ्हाती दौंडात. शाळेच्या कमिटीवर मी हाय. कुनी म्हनतं भट्टीवर बसती, कुनी म्हनतं त्या लोकांत जेवती. मी म्हनतो, जाऊ द्या, पोर हाय. पर तोंडं कुनाकुनाची धरनार मिस्त्री? बापानं सांभाळलं तर बरं.”

हे सगळे मी तुला आधीच्या पत्रात लिहिले होते. थोड्याफार फरकाने हेच शब्द. त्याच्या तोंडून ऐकले तेव्हा मला बाक सोडून उठावे लागले. मी म्हटले, “चौकटींचे बघतो.” हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. ते हसले, जीप गेली.

तुझी आई कपबशा उचलत होती. मी तिला पहिल्यांदाच सगळे सांगितले, भट्टीवर गेलो होतो तेही. नकुशीने मान हलवली, नाव सांगितले नाही, म्हणजे तिचा काही संबंध नाही, असे म्हणालो. तर ती कपबशा खाली ठेवून हसायलाच लागली.

“तुम्ही तिला नाव विचारलंत?”

“मग काय विचारणार?”

“अहो, पंचवीस वर्षं झाली आपल्याला. मी तुमचं नाव कधी घेतलंय? देवळात रजिस्टर लिहायला विचारलं तेव्हा तुमच्या बहिणीला पुढं केलं मी. आपण येशूचे लोक, तरी माझी जीभ वळत नाही. ती बिचारी परमुलखातली, परका पुरुष समोर, मागं मुकादम उभा. आणि तुम्ही म्हणता नाव सांग!”

मग हसणे थांबले. म्हणाली, “मान हलवली ती ‘हा कोण नाही’ म्हणून नव्हे. ‘मी नाव घेणार नाही’ म्हणून.”

मी शेडमध्ये जाऊन चेहऱ्याचे चित्र उजेडाला धरले. मग साचा आठवला. डाव्या अंगठ्याचा तो खळगा याचाच, आणि हा तिचा नवरा. एवढी ढोबळ गोष्ट, आणि मी ती तुझ्या अब्रूशी नेऊन लावली.

बाळासोंना चित्राचा सुगावा माझ्यामुळेच लागला, हे उघड आहे. तुझ्या दोन ओळींचा अर्थ आता कळला. तू मात्र मला सगळे का सांगितले नाहीस? माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून? असेल. पण आता नीट लिही. तो माणूस कुठे आहे?

तुझा पिता,
येशुदास


शिरूर, ता. १७ फेब्रुवारी १९५९

प्रिय दबोरा,

सलाम.

तुझे पत्र मिळाले. दोन वेळा वाचले, आईला वाचून दाखवले. तू लिहितेस की त्याला समोर बसवून तू पहिली तीनच चित्रे काढलीस. नंतर एके दिवशी तो दिसला नाही, आणि विचारले तर सगळे म्हणाले, असा कुणी नव्हताच. तेव्हा आपलेच डोके फिरले की काय, असे वाटून तू पुढची दोन आठवणीने काढलीस. तुलाही तो फक्त ‘डावरा’ म्हणून ठाऊक. माथ्यावरचे ते चित्र तर तू त्याला तिथे चढताना लांबून पाहिले होतेस, त्याचे.

शुक्रवारी तुझी आई आणि मी भट्टीवर जाऊन आलो. तुझ्याकडे मुद्दाम आलो नाही. कोण बघत असेल ते सांगता येत नव्हते. मी मुकादमाला चौकटींसाठी जुनी लाकडे आहेत का विचारत गुंतवून ठेवले. तो माझ्यावर नजर ठेवून, मी त्याच्यावर. तोवर आईने कोपीत नकुशीजवळ बसून तिची बोरे निवडायला घेतली. नाव विचारले नाही. विचारले, “तुझं कुंकू कुठं आहे, बाई?”

मग ती बोलली. आईने मला जसे सांगितले तसे लिहितो.

“भट्टी पेटली व्हती. माथ्याला भेग पडली म्हून मुकादमानं ह्यांनाच चढिवलं, राख टाकायला. थर खचला. दोनी पाय गुडघ्यापातूर आत. वडून काढलं तवा शुद्ध व्हती. मला म्हनलं, साचा सांभाळ. मालकानं बैलगाडीत घालून ठेसनावर न्येलं. मुकादम म्हनला, आगगाडीनं मोठ्या दवाखान्यात धाडलं. म्या म्हनलं, कुठल्या? म्हनला, बरा झाला का यील. मंग चार रोज गेलं आन् म्हनायला लागला, असा कुनी हितं न्हवताच. म्हनला, गावाकडच्या समद्यांनी असंच म्हनायचं, न्हाईतर समद्यांचं काम बंद. अनसा माझी चुलत जाऊ. तीबी म्हनाया लागली.”

आईने विचारले, स्टेशनावर गेलीस का? गेली होती. काळ्या कोटातला एक बाबू होता, बरा माणूस. वही काढून म्हणाला, “नाव सांग बाई, नावाबिगर कुठं शोधू?” ही तशीच उभी. तो आणखी एकदा विचारून गाडी आली म्हणून निघून गेला. “त्याची काय चूक?” असे तीच म्हणाली.

आई म्हणाली, माझ्या कानात सांग. नकुशीने मान हलवली. “चोरून न्हाई घेनार. चोरी काय म्या केलीया? चार मान्सांत इचारा, घेते.”

दबोरा, तुझ्या आईला मी साधी समजत आलो. परतताना एस.टी.त ती म्हणाली, “चार माणसं तर कापणीच्या सणाला येतीलच. रेल्वेची सगळी येतात. आणि मालकही पहिल्या बाकावर.” मी म्हटले, बाळासो चित्र पुढे येऊच देणार नाहीत. ती म्हणाली, “त्यांना कुठं ठाऊक आहे तुम्ही कुठल्या चौकटीत काय घातलंय?”

पाचही चौकटी तयार आहेत. काचा बसवल्या. चार चित्रांच्या पाठी ठोकल्या. पाचव्याची नाही.

मनात भीती आहे. तुझी नोकरी जाईल ही एक. दुसरी अशी, की आम्ही सगळे मिळून त्या बाईला उभे करू आणि तिची जीभ ऐनवेळी वळणार नाही. बाळासोंना तेच हवे आहे. मी रोज सकाळी तिच्यासाठी प्रार्थना करतो. तिचा देव वेगळा आहे, पण ऐकणारा तोच असावा.

येशुदास


दौंड, ता. ३ मार्च १९५९

प्रिय दबोरा,

सलाम आणि आशीर्वाद.

हे पत्र टपालात न टाकता आजच्या गाडीने गार्डाबरोबर पुण्याला पाठवतो, म्हणजे रात्रीच तुझ्या हाती पडेल. तुला नेमके सणाच्याच आठवड्यात परीक्षेच्या कामाला पुण्यास पाठवले, हा योगायोग मला पटलेला नाही. तू नव्हतीस म्हणून सगळे सांगतो.

देऊळ भरले होते. टेबलावर फ्लॉवर, मेथीच्या जुड्या, झेंडू, गुळाची ढेप, कुणीतरी पाय बांधून आणलेला कोंबडा. तो पाळकसाहेबांच्या उपदेशात दोनदा आरवला. पहिल्या बाकावर बाळासो, पांढरेशुभ्र. पाचही चित्रे मी भिंतीशी ठेवून वर चादर टाकली होती. आत येताना त्यांनी मला डोळ्यांनी विचारले, मी मान खाली घातली. त्यांनी हवा तो अर्थ घेतला.

भट्टीवरची काही माणसे दाराबाहेर उभी होती. आईने आदल्या दिवशी अनसाबाईला निरोप दिला होता, प्रसाद नाही पण जेवण आहे, या. नकुशीला मात्र आईने आत आपल्याजवळ बसवले.

उपासना झाली. लिलाव सुरू झाला. मेथी गेली, गूळ गेला, कोंबडा स्टेशनमास्तरांनी घेतला. मी चादर काढली. माथ्यावरचे चित्र पुढे, चेहऱ्याचे मधोमध. बाळासो ताबडतोब उभे राहिले. “समदी चित्रं माझी. बोला आकडा, पाळकसाहेब. ह्या दोन चौकटी आत्ताच जीपमधी ठेवतो.” आणि चक्क पुढे येऊन चेहऱ्याच्या चौकटीला हात घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय ठाऊक?

तुझी आई उठली. ती देवळात कधी बोलत नाही, तुला माहीत आहे. म्हणाली, “पाळकसाहेब, आपल्यात टेबलावर वस्तू ठेवली की ती कुणाची ते मोठ्यानं सांगायची रीत आहे. मेथी कुणाची सांगितली, कोंबडा कुणाचा सांगितला. हा माणूस कुणाचा, ते कुणी सांगितलं नाही.”

पाळकसाहेब गोंधळले. “दबोराबाईंचं चित्र आहे ना?”

“चित्र तिचं. माणूस हिचा.” आणि नकुशीला हाताला धरून उभी केली. “नाव घे, बाई.”

तेवढे दोन शब्द ऐकले आणि देवळातल्या सगळ्या बाया जाग्या झाल्या. नाव घे म्हटल्यावर गप्प बसणारी बाई कुठे आहे? रेल्वे क्वार्टरमधली ग्लॅडिस ओरडली, “घे, घे, लाजू नको!” मागून कोणी म्हणाले, “शुद्ध उखाण्यात हं!” हशा झाला. बाळासोही हसले, पण चौकटीवरचा हात त्यांनी काढला नाही. नकुशीने पदर डोक्यावर नीट घेतला. खूप वेळ गेला. मला वाटले, गेले. आता बसणार. मग ती चित्राकडे बघून एका दमात म्हणाली:

“भीमंचा गाळ, तुसाची राख, वीट भाजली लाल;
संपतरावांचं नाव घेते, पुसून दावा खुशाल.”

टाळ्या पडायला सुरुवात झाली आणि मधेच थांबल्या. बायांना शेवटचा शब्द आधी कळला, पुरुषांना मागाहून.

बाळासो म्हणाले, “पाळकसाहेब, ही बाई वाईच भ्रमिष्ट हाय. असा कुनी मानूस हितं—” त्यांचे वाक्य दाराबाहेरून पूर्ण झाले. अनसाबाई होती. “व्हता! आमच्याच गावचा हाय त्यो. माझा चुलत दीर. पाय भाजलं त्याचं. बास झालं आता ते न्हवताच न्हवताच!” मग तो म्हातारा बोलला, मग दुसरा. प्रत्येकाचे शब्द निराळे होते. तेव्हा मला खरे वाटले.

रेल्वेचा गार्ड एडविन मधल्या बाकावरून उठून चित्राजवळ गेला. बाळासोंचा हात बाजूला करून त्याने ती तुटलेली भुवई पाहिली. म्हणाला, “हा माझ्या गाडीनं गेलाय. पायाला गोणपाट गुंडाळलेलं. डब्यात तापानं बरळत होता. कुर्डुवाडीला आम्ही उतरवला, तिथं दवाखान्यात पोचवायला हमालांना सांगितलं. कोण, कुठला, कुणालाच माहिती नव्हतं. जिवंत होता बाई. उतरवला तेव्हा जिवंत होता.”

“कुर्डुवाडी किती लांब हाय?” नकुशीने विचारले. बाळासो कधी गेले ते मी पाहिले नाही. जीपचा आवाज तेवढा आला. ते गप्प बसणारे नाहीत. तुझ्या शाळेतून तुला काही कागद येईल, तयार राहा. परवा मुकादमाने नकुशीची कोपी मोडायला माणसे धाडली, तेव्हा अनसाबाई दारात आडवी झाली. पण पाळकसाहेबांनी आता स्वतः लिहून द्यायचे कबूल केले आहे, की हा माणूस या भट्टीवर होता आणि साऱ्या मंडळीने त्याचे नाव ऐकले. मंडळी सांगते ते टिकेल की नाही, मला शंका आहे. तरी आधी एकही तोंड उघडत नव्हते.

उद्याच्या सोलापूरच्या गाडीने मी, तुझी आई आणि नकुशी कुर्डुवाडीला जातो आहोत. तो सापडेल असे मी म्हणत नाही. एवढ्या दिवसांत तापाने काय झाले असेल, तिथून कोणी कुठे नेले असेल, देव जाणे. म्हणून चित्र बरोबर घेतले आहे. चेहऱ्याच्या चौकटीची पाठ मी ठोकली नव्हती. चार फिरत्या लाकडी पट्ट्या लावल्या होत्या. फिरवल्या की चित्र निघते. तू लिहिलेस, चौकटी घट्ट करा. चारच केल्या. हे चित्र भिंतीवर राहायचे नव्हते, ते मला तुझ्या दोन ओळी आल्या त्याच दिवशी वाटले होते. कारण तेव्हा सांगता आले नसते.

आज सकाळी एडविन स्टेशनावर आम्हाला कुर्डुवाडीच्या बाबूसाठी चिठ्ठी देत होता. पेन काढून नकुशीला म्हणाला, “नाव पुन्हा एकदा सांगा बाई, नीट लिहितो.”

तिने पदर ओढला.

“घेतलं की येकदा, भाऊ. आता सारखं सारखं कोन घेतं? त्या मिस्त्रींना इचारा.”

मी सांगितले. एडविनने लिहून घेतले. ती साचा फडक्यात गुंडाळून पोटाशी धरून बसली होती. मुठीचा खळगा फडक्यातूनही दिसत होता.

तू पुण्याहून उद्या त्याच गाडीत बस. दौंडला आम्ही चढू. तुला रजा मिळेल का, तू येशील का, याची मला खात्री नाही. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. तरी मी डब्यात तुझी जागा धरून ठेवीन. पेन्सिली आण. तो सापडला तर त्याचा तो खाली झुकलेला खांदा आता कसा आहे, ते तुलाच बघावे लागेल. मी त्याला चित्रापलीकडे ओळखत नाही.

तुझा,
बाबा